बोरदरीच्या रकान्यातलं शून्य

आमच्या भिंगारच्या घरात भांडणं व्हायची ती वासावरून. आईला सुके बोंबील फार आवडायचे. आठवड्याच्या बाजारातून ती पदराखाली झाकून पुडी आणायची आणि स्टोव्हवर नाही, मुद्दाम चुलीतल्या निखाऱ्यावर ते भाजायची, कारण त्याशिवाय तिला चव लागायची नाही. पहिला बोंबील निखाऱ्यावर पडला की दादा, म्हणजे माझे वडील, चपला सरकवून बाहेर पडायचे आणि थेट पिंपळाच्या पारावर जाऊन बसायचे. आई मागून म्हणायची, "नाक साहेबाचं आन् पगार मजदुराचा." दादा नगरच्या छावणीत, लष्कराच्या डेपोत मजदूर होते. दिवसभर तिथली खोकी उचलायचे. संध्याकाळी घरी आले की आधी मोरीत जाऊन लाल कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, मग ते हात नाकाशी नेऊन बघायचे, आणि पुन्हा धुवायचे. उंदीर मेला, गटार तुंबलं, शेजारी कुणाचं मटण उतरलं, तर आमच्या घरात सगळ्यांत आधी ते दादांना कळायचं आणि त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. आम्ही भावंडं याला हसायचो. माणसाला एखादी खोड असते तशी ती आम्हाला वाटायची.

आमची ओळ नऊ घरांची. सकाळी पलटणीचा बिगुल वाजायचा, त्यावर ओळीतल्या चुली पेटायच्या. लांब कुठेतरी चांदमारीचे बार व्हायचे आणि पत्रे थरथरायचे. नऊ घरं नऊ गावांहून आलेली. कुणी शेवगावकडचं, कुणी पाथर्डीकडचं, कुणी पारनेरचं. सगळे बौद्ध, सगळ्यांचे कर्ते पुरुष डेपोत नाहीतर छावणीत कामाला. गाव का सोडलं असं विचारलं की सगळ्या घरांत एकच उत्तर मिळायचं, नोकरी लागली म्हणून. दादाही तेच सांगायचे. मी ते कधी पारखून पाहिलं नाही. ज्या मुलीने पुढे आयुष्यभर पारखून पाहण्याची विद्या शिकवली, तिने स्वतःच्या ओळीतलं हे उत्तर चोवीस वर्षं जसंच्या तसं गिळलं, हे लिहितानाही तोंड कडू होतं.

नगरच्या कॉलेजात मी एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं तेव्हा आमच्या घराण्यात बी.ए. झालेलीसुद्धा मीच पहिली होते. तिथे मला कुलथे सर भेटले. सरांचं वाईट लिहायला हात धजत नाही, आणि लिहायचं तर आहे. त्यांनी मला त्यांच्या घरच्या कपाटातली पुस्तकं नेऊ दिली. त्यांच्या पत्नी मला स्वयंपाकघरात पाटावर बसवून, स्वतःच्या ताटासारख्याच ताटात वाढायच्या. माझं बोलणं सुधारताना सरांनी एकदाही मला लाज वाटू दिली नाही. मी आज जी काही आहे त्यातली निम्मी त्यांच्यामुळे आहे. पुढे जे सांगणार आहे ते याच माणसाबद्दल आहे, म्हणूनच ते मी इतकी वर्षं लिहिलं नाही.

सर एक विषय शिकवायचे तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. इतिहासातले समाज शेजारी शेजारी ठेवून तपासायचे, ही ती पद्धत. सर म्हणायचे, "समाजावर प्रयोग करता येत नाहीत. इतिहासानं ते आधीच करून ठेवलेत. आपण फक्त निकाल वाचायचे." मग ते फळ्यावर दोन रकाने आखायचे. दोन समाज घ्या, होता होईल तो सारखे. पाऊस सारखा, जमीन सारखी, पिकं सारखी, जाती सारख्या. शंभर वर्षांत एक टिकला आणि एक फुटला, तर दोघांमध्ये वेगळं काय होतं ते शोधा. कारण तिथेच सापडेल. मी या पद्धतीच्या इतकी नादी लागले की घरीही तोच उद्योग सुरू केला. आमच्यापासून तिसऱ्या घरात पारूबाई नावाची विधवा बाई राहायची. तिची भाकरी टम्म फुगायची, आईची फुगायची नाही. पीठ एकाच गिरणीचं, पाणी एकाच नळाचं, सरपण एकाच वखारीचं. वेगळा फक्त तवा. मी आईला सांगितलं, कारण तव्यात आहे. आईने पारूबाईला हाक मारून घरात बोलावलं, आमच्याच तव्यावर एक भाकरी टाकायला लावली, आणि ती फुगल्यावर माझ्याकडे बघत म्हणाली, "लिव आता. कारन हातात हाय." पारूबाई हसून हसून खाली बसली. असं हसताना मी तिला फार वेळा पाहिलं नाही.

एम.ए. झाल्यावर सरांनी मला त्यांच्या पुस्तकाच्या कामाला घेतलं. बलुत्याच्या जुन्या रिवाजातून गावं रोजगाराच्या नव्या जगात कशी आली, हा पुस्तकाचा विषय. त्यात जपानचा एक प्रदेश आणि फ्रान्सचा एक प्रदेश सरांनी पुस्तकांवरून घेतला होता. त्यांच्या शेजारी आपल्या जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागातली दोन गावं ठेवायची होती. गावांची नावं मी बदलून लिहिते. एक खडकओढा, दुसरं बोरदरी. दोन्हीकडे पाऊस तेवढाच कमी, दोन्हीकडे ज्वारी, वस्तीही मिळतीजुळती. सरांच्या टेबलावर जाड कागदाचा मोठा तक्ता पसरलेला असायचा. माझं अक्षर वळणदार, म्हणून तो भरायचं काम माझ्याकडे. त्यातला एक रकाना होता तंट्यांचा. तालुक्याच्या कचेरीतली दप्तरं, पोलीस ठाण्यातल्या जुन्या नोंदी, कोर्टातले दावे, यांवरून तो भरायचा. खडकओढ्याचा रकाना भरून वाहत होता. तिथल्या बौद्ध वस्तीने पाण्यासाठी, जमिनीसाठी, मारहाणीविरुद्ध अर्जामागून अर्ज केले होते. बोरदरीच्या नावाने एकही कागद निघाला नाही. सरांचं म्हणणं ठरल्यासारखंच होतं. खडकओढा बदलत्या काळात फुटला, बोरदरी टिकली. बोरदरीत काय वेगळं होतं? गावचे पंच. घरातलं भांडण घरात मिटवणारी जुनी व्यवस्था.

बोरदरीला मी पहिल्यांदा गेले ती सरांच्या स्कूटरवर मागे बसून. तिथले माजी सरपंच, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं आणि पितळी पेल्यांतून दूध दिलं. घट्ट, भरपूर साखरेचं, वर बोटभर साय. ती साय ओठाला चिकटायची. अण्णांचं बोलणंही त्या दुधासारखंच होतं. "ताई, आमच्या गावात भांडान म्हनून न्हाई. कोर्टाची पायरी कुनाला ठाव न्हाई. समदं बसून मिटवायचं." मग त्यांनी एक पत्र्याची पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासाची एक पिशवी काढली. त्यात एक कागद होता. गावातल्या सगळ्या बौद्ध घरांनी, दीक्षा घेतल्यानंतर दुसऱ्या वर्षी, करून दिलेला. आम्ही पोटापाण्यासाठी राजीखुशीने गाव सोडून जात आहोत, गावाविरुद्ध आमची कसलीही तक्रार नाही, सामान नेण्यासाठी गावाने आम्हास चार बैलगाड्या दिल्या त्याबद्दल आम्ही गावाचे ऋणी आहोत. खाली जांभळ्या शाईचे अंगठे, ओळीने. सरांचे डोळे भरून आले. असा कागद संशोधकाला आयुष्यात एकदा मिळतो, असं ते परतताना वाऱ्यावर ओरडून मला सांगत होते. आणि मलाही आनंद झाला होता. अंगठे आमच्याच समाजाच्या माणसांचे होते हे मला कळत होतं. तरी त्या रात्रीच्या जेवणाला मी दोन भाकरी खाल्ल्या आणि सकाळी तो मजकूर सुंदर अक्षरात उतरवून काढला.

तिसऱ्या खेपेला मी एकटी एस.टी.ने गेले. अण्णा बाजाराला गेले होते. घरी त्यांची विधवा भावजय होती, काशीबाई. साठीची, बोलकी, माझ्यावर माया करणारी. गावच्या पूर्वेला उकिरडे होते आणि उकिरड्यांच्या मधून त्या सोडून गेलेल्या घरांची दगडी जोती डोकावत होती. ती मोजून घ्यावीत म्हणून मी निघाले तर काशीबाई सोबत आली. तिथे एक आड होता, तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकलेला. पाण्याची एवढी ओढ असलेल्या गावात आड असा का टाकून दिला, म्हणून मी सहज विचारलं.

"त्यात बैल टाकला हुता ना," काशीबाई म्हणाली.

पुढचं तिने चालता चालता, एखाद्या लग्नातली गंमत सांगावी तसं सांगितलं. दीक्षा घेतल्यावर त्या लोकांनी मेलेलं जनावर ओढायचं बंद केलं. उन्हाळ्यात एक बैल मेला. निरोप गेला, कुणी आलं नाही. मग गावच्या जवान पोरांनी, त्यात अण्णाही होते, तो बैल दोर लावून ओढत नेला आणि त्यांच्या वस्तीच्या तोंडाशी टाकला. राखणीला माणसं बसवली, कुणी हलवायचा नाही म्हणून. आठ दिवस. पुढे एक गाय मेली ती दुसऱ्या टोकाला टाकली. तरी वाकेनात, तेव्हा पहिल्या बैलाचं जे उरलं होतं ते आडात ढकललं. "आमी पोरीसोरी नाकाला पदर लावून बगायला गेल्तो," ती म्हणाली. "त्यांची पोरं माश्यांनी काळी झाल्ती. लई हसायचो आमी. मंग पंच बसले. म्हनले, कागद करून द्या, गावची गाडी देतो, जावा. गेले बिचारे. भांडले न्हाईत हां, ते खरं."

मग तिने मला विचारलं, तुम्ही कुठल्या म्हणायच्या. मी म्हटलं, नगरच्या. एवढंच. तिने घरी नेऊन मला दूध दिलं आणि मी ते सायीसकट, पेला उलटा करून संपवलं, कारण अर्धं टाकलं तर तिला वाईट वाटेल असं मला वाटलं. इतकी मी शहाणी, गुणाची मुलगी होते. एस.टी.च्या थांब्यावर मात्र सगळं पोटातून वर आलं. बाभळीला धरून मी ओकत राहिले. शेजारी उभा असलेला एक माणूस दुसऱ्याला सांगत होता, शहरातल्या बायांना गाडी लागती, अजून गाडी आलीबी न्हाई तर.

घरी येऊन मी दादांना सांगितलं. ते मोरीच्या कडेला बसले होते, हात ओलेच. मी सगळं सांगेपर्यंत त्यांनी साबण हातातून खाली ठेवला नाही. मग विचारलं, "किती दिस ठिवला हुता?"

"आठ दिवस."

"आमच्यात सहा," दादा म्हणाले.

आई चुलीपाशी होती. तिचे हात थांबले. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि तिलाही हे नवीन होतं. दादा तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांच्या गावाने म्हैस टाकली होती, घराच्या उंबऱ्यापासून पाच पावलांवर. त्यांनी साबण जागेवर ठेवला. मग म्हणाले, "तुज्या सरांना दोनच गावं पायजेत व्हय? हितं नऊ हायेत. जा, इचार."

मी वही घेऊन ओळीत फिरले. चार संध्याकाळी लागल्या. सरांनी शिकवलं होतं तसंच केलं. प्रत्येक घराला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले, उत्तर जसं आलं तसं लिहिलं, माझ्या तोंडून काही सुचवलं नाही. आमच्याखेरीज पाच घरांनी आधी नोकरीचं सांगितलं आणि मग, मी दादांचं नाव घेतल्यावर, दार लोटून घेऊन दुसरं सांगितलं. जनावर तेच, कुठे बैल, कुठे म्हैस. दोन गावांत कागदही तसेच झाले होते. उरलेल्या तीन घरांचं मात्र वेगळं होतं. त्यांच्या गावांतही हेच सुरू झालं होतं, पण तिथे कुणीतरी चालत तालुक्याला जाऊन अर्ज दिला होता, फौजदार आला होता, मारामारी झाली होती, आणि त्यांची भावकी अजून त्या गावांत नांदत होती. ही तीन घरं खरोखरच नोकरीसाठी आली होती. दिवाळीला गावी जायची. मी वहीत दोन रकाने पाडले. जिथे तक्रारी होत्या तिथे माणसं होती. खडकओढ्याच्या भरून वाहणाऱ्या रकान्याचा अर्थ ते गाव फुटलं असा नव्हता. तिथली वस्ती आजही उभी होती, तिथे दिवा लागत होता. सरांनी निकाल उलटा वाचला होता.

पारूबाई शेवटची होती. ती सांगायलाच तयार नव्हती. मग विचारलं, "बुकात यील का ह्ये?" मी म्हटलं, येईल. "सरकार वाचंल?" मी म्हटलं, शिकलेली सगळी माणसं वाचतील. तेव्हा तिने सांगितलं. ती विशीची होती, पदरात दोन महिन्यांचं मूल. मूल छातीशी घेतलं की तिला वासाने उलटी यायची, दूध उतरायचं नाही, आणि दुसरी कुणी पाजायला येईना कारण वाटेत ते जनावर पडलेलं. "रडायचा न्हाई शेवटी," ती म्हणाली. "नुसता तोंड उघडून बगायचा." एवढं सांगून ती उठली आणि पोळपाट धुवायला लागली, जो आधीच धुतलेला होता. तिचं नवऱ्याशीसुद्धा पुढे कधी याबद्दल बोलणं झालं नव्हतं. मी येईल म्हटलं म्हणून तिने सांगितलं. हे एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

सरांनी माझी वही एका बैठकीत वाचून काढली. सगळी, समास न सोडता. सरांच्या पत्नींनी पोहे आणून ठेवले होते, ते गार होऊन गेले. "उत्तम मांडलं आहेस," ते म्हणाले, आणि मी सुटले असं मला वाटलं. मग त्यांनी चष्मा काढला. हा पुरावा नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. ही आठवण आहे. तीही माझ्या ओळीतल्या, माझ्या नात्यागोत्याच्या लोकांची. एका बाजूला त्या वेळचा अस्सल कागद, दुसऱ्या बाजूला चाळीस वर्षांनी सांगितलेल्या हकिकती. मी म्हटलं, काशीबाई तर तिकडच्या बाजूची आहे. सर म्हणाले, ती लेखी देईल का? निदान एक टीप तळाशी टाकावी, असं मी चाचरत सुचवलं. सर म्हणाले, "सुजाता, तू यात फार जवळची आहेस. संशोधकाने थोडं लांब उभं राहायला शिकलं पाहिजे." लांब कसं उभं राहायचं हे काशीबाईच्या गावच्या पोरींना माहीत होतं, नाकाला पदर लावून. पण हे मला आज सुचतंय. तेव्हा मी मान हलवली. मग ते अगदी मायेने म्हणाले की आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात नव्या कॉलेजात जागा निघाली आहे, पुढच्या महिन्यात मुलाखत, शिफारशीचं पत्र त्यांनी लिहून ठेवलं आहे. धमकी नव्हती त्यात. त्यांच्या मनात दोन्ही गोष्टींचा काही संबंध नव्हता. संबंध फक्त माझ्या मनात होता, आणि तो जुळायला क्षणही लागला नाही.

त्यांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला. छापायला जाणार होता, बोरदरीचा तंट्यांचा रकाना रिकामा होता. मी टाक शाईत बुडवला आणि शून्य काढलं. गोल, नीट, कुठेही शाई न फुटू देता. मग गार पोहे खाल्ले.

जागा मला मिळाली. भंडारदऱ्याच्या बाजूच्या डोंगरातून पायी येणाऱ्या पोरांना मी तीस वर्षं शिकवतेय. तीच पद्धत शिकवते, तेच दोन रकाने फळ्यावर आखते. पद्धतीचा काही दोष नव्हता. तिच्या जोरावर तर मी आमच्या ओळीत खरं शोधून काढलं होतं. दोष ती वापरणाऱ्या दोन माणसांचा होता. एक सज्जन होता आणि एक कृतज्ञ होती. कृतज्ञतेचा मला तेव्हापासून थोडा उबग आहे. विद्यार्थी पाया पडायला आले की मी पाय मागे घेते, त्यांना वाटतं बाई पुरोगामी आहेत.

पुस्तक आलं ते मी अकोल्याहून रजा घेऊन घरी आले असताना. सरांनी पोस्टाने पाठवलं होतं. पहिल्याच पानावर ऋणनिर्देशात माझं नाव होतं, कु. सुजाता यांनी अपार चिकाटीने माहिती गोळा केली. दादांनी त्याला प्लास्टिकचं वेष्टण घातलं. रविवार होता, दुपारचं ऊन दारात आलं होतं. आईने शिरा केला. दादांनी मला न विचारता ओळीतल्या माणसांना बोलावलं होतं, ज्यांनी ज्यांनी सांगितलं होतं त्या सगळ्यांना. पारूबाई धुतलेलं लुगडं नेसून आली आणि पुढेच बसली. दादा म्हणाले, वाच.

मी पान उघडलं. बोरदरीचंच उघडलं. आणि जे छापलेलं नव्हतं ते वाचायला लागले. वहीतलं सगळं मला पाठ होतं. पुस्तकी भाषा लावून, अडखळत, मध्ये पान उलटत, मी सहा गावांचं वाचलं. बैल वाचला, म्हैस वाचली, जांभळे अंगठे वाचले. एका मातेच्या तान्ह्या मुलाला दूध मिळू शकलं नाही, असं वाचलं. पारूबाई हलत नव्हती. कुणीतरी नाक ओढलं. आईने पदर तोंडाला लावला. माझाच आवाज मला इतका खरा वाटायला लागला की घटकाभर मलाही वाटलं, हे इथेच छापलेलं आहे.

दादा माझ्या शेजारी बसले होते. चौथीपर्यंत शिकलेले. पेपर वाचताना ते ओळीखाली बोट धरायचे, तसं त्यांचं बोट पुस्तकाच्या पानावर आलेलं मला दिसलं. ते एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकत गेलं, हळूहळू, माझ्या आवाजाला कुठेच न जुळता. मी वाचतच राहिले. बोट पानाच्या तळाशी पोचलं, मग तक्त्यावर गेलं आणि तिथे थांबलं.

माझं संपल्यावर ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "आता परत वाच. हितं लिवलंय ते."

मी आईकडे पाहिलं. तिला काही कळलं नव्हतं. दादांनी पान माझ्यापुढे धरलं, दोन्ही हातांनी, मी बंद करू नये म्हणून. तेव्हा मी वाचलं. बोरदरी हे सामाजिक सलोख्याचं विलक्षण उदाहरण आहे. तेथील बौद्ध कुटुंबांनी रोजगारासाठी राजीखुशीने स्थलांतर केलं. गावाने त्यांना स्वतःच्या बैलगाड्या दिल्या. या काळात बोरदरीत नोंद झालेले तंटे, शून्य.

शिऱ्याच्या पातेल्यावर माश्या बसत होत्या, त्या कुणी हाकलल्या नाहीत. मग पारूबाईने विचारलं, ह्ये कुणी लिहिलं. मी म्हटलं, सरांनी. तिने मान हलवली, जणू तेवढं तिला ठाऊक होतं.

"आन् तुजं नाव हाय म्हनत हुते दादा. कुठं हाय?"

मी पहिलं पान उघडून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी अक्षरांवर बोट ठेवलं. तिनेही बोट पुढे करून माझ्या नावावर टेकवलं.

"हितं व्हय," ती म्हणाली.

मग तिने बोट उचललं आणि पदराला पुसलं.